सोलापूरच्या गच्चीवर ३ किलोवॉट: पॉली, मोनो पर्क की टॉपकॉन?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात स्वतःचं एकमजली घर, महिन्याला सरासरी २८० युनिट वापर, मे महिन्यात तो ४०० पर्यंत जातो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलंय आणि तीन कोटेशन हातात आहेत. पॉली, मोनो पर्क आणि टॉपकॉन ही पॅनेलमधला सेल बनवण्याच्या तंत्रांची नावं, पॉली सगळ्यात जुनं. पहिलं ३३५ वॉटच्या ९ पॉली पॅनेलचं, १,७५,००० रुपये. दुसरं ५४० वॉटच्या ६ मोनो पर्क बायफेशियल (मागच्या बाजूनेही ऊन घेणाऱ्या) पॅनेलचं, १,९८,०००. तिसरं ५७५ वॉटच्या ६ टॉपकॉन पॅनेलचं, १,९०,०००. तिसऱ्याचं तंत्र सगळ्यात नवं, वॉट जास्त आणि दुसऱ्यापेक्षा पैसेही कमी, मग तेच का घेऊ नये, असं तुम्ही विचारलंय. पुढच्या उन्हाळ्यात एसी घ्यायचा विचार आहे आणि सासूबाईंना वाळवणासाठी गच्ची मोकळी हवी आहे, हेही लिहिलंय.

मी सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात हेच बसवण्याचं काम करतो. तुमच्या तीन कोटेशनांपैकी एकही माझं नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही तीन पॅनेलची तुलना करताय, पण कोटेशनमधला खरा फरक पॅनेलच्या जातीत नाही. तो दोन ठिकाणी आहे: तिसऱ्या कोटेशनमध्ये जो शब्द लिहिलेलाच नाही त्यात, आणि तुमच्या फोटोत आग्नेय कोपऱ्यात दिसणाऱ्या जिन्याच्या खोलीत, जिच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे. दोन्हींकडे येतो. त्याआधी तुम्हाला लागणार किती, ते बघू.

आपल्या भागात १ किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरावेत. ऊन चांगलं असेल आणि काचा स्वच्छ ठेवल्या तर थोडे जास्तही येतात, पण हिशेब याच आकड्यावर करावा. म्हणजे ३ किलोवॉटचे ४,२०० युनिट झाले. तुमचा वर्षाचा वापर २८० गुणिले १२, म्हणजे ३,३६०. एसी आला की उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत पाचसहाशे युनिट त्यात वाढतील. तरीही ३ किलोवॉट तुम्हाला पुरून उरतं. हे महत्त्वाचं अशासाठी की नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही लाइनवर पाठवलेली वीज तुमच्या बिलातून वजा होते त्या पद्धतीत, तुमचे जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जमा होत राहतात, पण ३१ मार्चला महावितरण वर्षाचा हिशेब करते आणि तेव्हा उरलेले युनिट फारच कमी दराने विकत घेते. तुम्ही वापरलेलं युनिट तुमच्या बिलातल्या दराने वाचतं, उरलेल्याला त्याच्या मानाने किरकोळ पैसे मिळतात. म्हणून "आणखी थोडी वीज देणारं पॅनेल" मिळवण्यासाठी तुम्ही जास्त पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. कोणी ४ किंवा ५ किलोवॉटचा आग्रह धरला तर नको म्हणा. अनुदानही ३ किलोवॉटलाच थांबतं: पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. त्यापुढे कितीही बसवा, रुपया वाढत नाही.

आता तो न लिहिलेला शब्द. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर असावं लागतं. म्हणजे पॅनेल भारतात जुळवलेलं असून पुरत नाही, त्याच्या आतला सेलसुद्धा भारतातच बनलेला हवा. इथे बहुतेकांची गल्लत होते. बाहेरून आणलेले, मुख्यतः चिनी, सेल वापरून आपल्याकडच्या कारखान्यात पॅनेल तयार होतं, त्यावर "मेड इन इंडिया" लिहिलेलं असतं, कंपनी नावाजलेली असते, सरकारच्या मान्यताप्राप्त एएलएमएम यादीतही ते मॉडेल असतं, आणि तरी ते डीसीआर नसतं. एकाच कंपनीची दोन्ही प्रकारची पॅनेल बाजारात असतात. दिसायला सारखीच, भावात मात्र ठळक फरक, कारण भारतीय सेल महाग पडतो.

तुमच्या पहिल्या दोन कोटेशनांत डीसीआर असं स्पष्ट लिहिलंय. तिसऱ्यात फक्त "टॉपकॉन ५७५ वॉट" आहे आणि अनुदान मिळेल हे त्यांनी तोंडी सांगितलंय. आता वॉटमागचा भाव काढा. पहिलं ३,०१५ वॉट, म्हणजे ५८ रुपये. दुसरं ३,२४० वॉट, ६१ रुपये. तिसरं ३,४५० वॉट, ५५ रुपये. भारतात टॉपकॉन सेल बनवणारे कारखाने पर्कच्या मानाने अलीकडे सुरू झालेत, त्यामुळे डीसीआर टॉपकॉन हे डीसीआर पर्कपेक्षा महाग असायला हवं. इथे ते वॉटमागे ६ रुपयांनी स्वस्त आहे. मला तरी हा भाव बाहेरच्या सेलचा वाटतो. तसं निघालं तर हिशेब पूर्ण उलटतो: दुसरं कोटेशन अनुदान वजा जाता १,२०,००० ला पडतं आणि तिसरं १,९०,००० लाच राहतं.

लक्षात घ्या, पूर्ण रक्कम तुम्ही आधी भरता. अनुदान नेट मीटर बसून पोर्टलवरचे सोपस्कार पूर्ण झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं. म्हणजे ते अडकलं तर अडचण तुमची होते, विक्रेत्याचे पैसे तोवर मिळालेले असतात. म्हणून त्यांच्याकडून कागदावर घ्या: पॅनेलचं पूर्ण मॉडेल नाव, डीसीआर हा शब्द, आणि माल आल्यावर प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकासह डीसीआर प्रमाणपत्र. तो अनुक्रमांक पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर असतो, काचेच्या आतही बारकोडसारखा छापलेला असतो. पॅनेल वर चढवण्याआधी, खाली अंगणात असतानाच, सहाही क्रमांकांचे फोटो काढा आणि प्रमाणपत्राशी ताडून पाहा. एकदा स्ट्रक्चरवर बसलं की मागचं स्टिकर वाचायला शिडी लावावी लागते.

आता समजा, तिन्ही डीसीआर आहेत. तर मग निवड कशी करायची?

पॉली मी बाजूला ठेवेन. ते वाईट नाही, जुनी पॉली पॅनेल आजही गावोगावी नीट चालतायत. पण ३३५ वॉटला साधारण दोन चौरस मीटर जागा जाते, म्हणजे कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या आसपास. ५४० वॉटचं मोनो पर्क २१ टक्क्यांना जातं, ५७५ चं टॉपकॉन २२ च्या थोडं वर. ९ पॅनेल म्हणजे स्ट्रक्चर मोठं, क्लॅम्प जास्त, जोड जास्त. त्याहून मोठी अडचण पुढची आहे. कारखाने पॉलीतून बाहेर पडलेत. सातआठ वर्षांनी एखादं पॅनेल फुटलं तर त्याच मापाचं आणि त्याच विद्युतप्रवाहाचं दुसरं शोधत बसावं लागेल. पॅनेल एकामागोमाग एक जोडून माळ केलेली असते, तिच्यात वेगळ्या प्रवाहाचं पॅनेल घातलं की अख्ख्या माळेला त्याचा फटका बसतो.

राहिले पर्क आणि टॉपकॉन. सोलापुरात इथे उष्णतेचा मुद्दा येतो आणि तो नीट समजून घ्यावा असाच आहे. पॅनेलवर लिहिलेले वॉट हे सेलचं तापमान २५ अंश आणि उन्हाची तीव्रता चौरस मीटरला १,००० वॉट असताना मोजलेले असतात. प्रयोगशाळेतला आकडा आहे तो. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवाच ४१-४२ अंश असते, काचेखालचा सेल ६५ च्या घरात जातो. म्हणजे २५ पेक्षा ४० अंश वर. डेटाशीटमध्ये "पीमॅक्सचा तापमान गुणांक" अशी एक ओळ असते, म्हणजे सेल एक अंश तापला की कमाल वॉट किती टक्के घटतात तो आकडा; कोटेशनसोबत डेटाशीट मागून तीच आधी बघा. पर्कला तो साधारण उणे ०.३५ टक्के प्रति अंश असतो, टॉपकॉनला उणे ०.३० च्या आसपास, पॉलीला उणे ०.४० च्या जवळ. चाळीसने गुणा: पर्क १४ टक्के गमावतं, टॉपकॉन १२, पॉली १६. म्हणजे भर उन्हाळ्यातल्या दुपारी पर्क आणि टॉपकॉनमध्ये २ टक्क्यांचा फरक. डिसेंबरात सेल ५० अंशांवर असताना तो सव्वा टक्क्यावर येतो.

दुसरा फरक वयाचा. पर्कची हमी सहसा पहिल्या वर्षी २ टक्के आणि नंतर दरवर्षी ०.५५ टक्के घट अशी असते, म्हणजे पंचविसाव्या वर्षी ८४.८ टक्के क्षमता उरते. टॉपकॉनला पहिल्या वर्षी १ आणि नंतर ०.४ धरतात, म्हणजे ८९.४. कंपनीनुसार आकडे थोडे हलतात, तुमच्या डेटाशीटमधलेच धरा. सगळं मिळून सुरुवातीच्या वर्षांत टॉपकॉन सारख्याच वॉटला २-३ टक्के जास्त वीज देईल असं मी धरतो. तुमच्या ३ किलोवॉटवर वर्षाला शंभर-सव्वाशे युनिट. आणि वर पाहिलं तसं, तुमच्या घरात हे युनिट ३१ मार्चच्या किरकोळ दराच्या ढिगात जाणार आहेत. गच्ची लहान असती, दोन एसी असते, वापर ४५० युनिटचा असता, तर मी टॉपकॉनसाठी थोडे जास्त पैसे आनंदाने मोजायला सांगितले असते. तुमच्याकडे डीसीआर टॉपकॉन पर्कच्याच भावात मिळालं तर घ्या, पंधरा-वीस हजार जास्त पडत असेल तर ते पैसे स्ट्रक्चरमध्ये घाला.

कारण आता त्या जिन्याच्या खोलीकडे येतो. फरक २ टक्क्यांचा नाही, त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो अशी ही जागा आहे.

विक्रेते तुमच्याकडे मे महिन्यात येऊन गेले. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या दिवसांत गच्चीवर उभं राहिलं तर टाकीची सावली टाकीच्या पायाशीच दिसते आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. डिसेंबरात चित्र वेगळं असतं. भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून ४९ अंशांवर. सावली उत्तरेला पडते, वस्तूच्या उंचीच्या साधारण पाऊणपटीपेक्षा थोडी जास्त. सकाळी साडेनऊला सूर्य ३० अंशांवर आणि आग्नेयेला असतो, तेव्हा सावली उंचीच्या पावणेदोन पटीच्या आसपास लांबते आणि बरोबर वायव्येकडे जाते. तुमची जिन्याची खोली आग्नेयेला, म्हणजे ती सावली थेट गच्चीच्या पोटात येणार.

आकडे घालून बघू. जिन्याची खोली ८ फूट, वर ४ फुटांची टाकी धरली तर १२ फूट. पॅनेल दीड फुटावर बसवले तर सावली देणारी उंची साडेदहा फूट राहते. डिसेंबरच्या दुपारी सावली ९ फूट, सकाळी साडेनऊला १७ फुटांच्या पुढे. तेच पॅनेल ७ फूट उंचीच्या स्ट्रक्चरवर घेतले तर उरते फक्त ५ फूट. मग दुपारी साडेचार फूट आणि सकाळी साडेआठ फूट सावली. म्हणजे सासूबाई वाळवणासाठी जी उंच चौकट मागतायत, तीच तुमच्या सावलीचा प्रश्न निम्म्यावर आणते. कुरडया-पापडांना उरलेल्या गच्चीत ऊन मिळेल आणि चौकटीखाली उन्हाळ्यात सावलीत बसता येईल.

"हाफ कट सेल आहेत, सावलीचा त्रास होत नाही" असं कोणी सांगेल. अर्धं खरं आहे. हाफ कट पॅनेल वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागात स्वतंत्र चालतं, त्यामुळे खालच्या अर्ध्यावर सावली असली तरी वरचा अर्धा काम करू शकतो. शिवाय तीन बायपास डायोड असतात, सावलीतला पट्टा ते वगळतात. पण तुमची सहाही पॅनेल एकाच माळेत जोडली जाणार, आणि टाकीची भरीव सावली दोन पॅनेलवर आडवी पसरली तर त्यांचं त्या वेळचं उत्पादन जवळपास गेलंच म्हणायचं. वरून गेलेल्या डिशच्या वायरची सावली तशी क्षुल्लक, तिची काळजी नको.

सहा पॅनेल प्रत्येकी साडेसात बाय पावणेचार फुटांचे. दोन रांगांत तीन-तीन लावले तर साधारण ११ बाय १५ फुटांची चौकट होते. तोंड दक्षिणेला, कल १५ अंश किंवा थोडा जास्त. काही जण वारा लागू नये म्हणून ५ अंशांवर जवळजवळ आडवे टाकतात. आपल्याकडच्या धुळीला ते मानवत नाही. पहिल्या हलक्या पावसात धूळ वाहून खालच्या फ्रेमपाशी थांबते आणि वाळून तिथे बोटभर रुंदीची मातीची पट्टी तयार होते. लांबून काच स्वच्छ दिसते, पण ती पट्टी सेलच्या शेवटच्या ओळीवर बसलेली असते आणि रोज, दिवसभर सावलीचं काम करते. धुताना बोअरचं पाणी वापरत असाल तर लगेच रबरी वायपरने ओढून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग काचेवर कायमचे धरतात. आणि धुवायचं ते उजाडताना. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका.

चौकट उंच झाली की वळवाच्या वाऱ्याचा विचार आला. पाइप हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, जस्ताचा थर ८० मायक्रॉन, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि पायांना तिरके आधार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. नुसतं "जीआय स्ट्रक्चर" लिहिलं तर जस्ताचा पातळ थर असलेला जीपी पाइपही त्यात बसतो. कापून वेल्डिंग केलेल्या जागी तोच सर्वांत आधी गंजतो. तुमच्या गच्चीवर कोबा आहे का, ते सांगितलेलं नाही. असेल तर कोब्यातच बोल्ट ठोकू देऊ नका. विटांच्या तुकड्यांच्या थरात बोल्टला पकड मिळत नाही आणि पाणी मात्र मुरतं, दोन पावसाळ्यांत खालच्या खोलीत ओल दिसते. पाय शक्यतो कॉलमच्या रेषेवर घ्यावेत, खाली स्लॅबपर्यंत जाऊन केमिकल अँकर करावेत आणि भोवती सिमेंटचा ठोकळा ओतून वॉटरप्रूफिंग करावं. हे काम बघायला घरातल्या कोणीतरी वर थांबा.

बायफेशियलबद्दल थोडंच. मागच्या बाजूनेही ऊन घेणारं पॅनेल हे, पण मागे ऊन पोचलं तर. पत्र्याला चिकटवून बसवलं तर त्याचा उपयोग नाही. तुमची ७ फुटी चौकट आणि खाली पांढरा रंग मारलेली गच्ची असेल तर काही टक्के जादा मिळतील. तो बोनस समजा, हिशेबात धरू नका. दोन्ही बाजूंना काच असलेलं पॅनेल ३२-३३ किलोपर्यंत भरतं, जिन्यातून डोक्यावर नेऊ देऊ नका. डोक्यावर नेताना ते मधून लवतं आणि आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा जातात. दोघांनी उभं धरून न्यावं किंवा दोराने वर घ्यावं. बसवताना कोणी काचेवर पाय ठेवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

हमीबाबत एवढंच बघा की २५ किंवा ३० वर्षांचा मोठा आकडा हा उत्पादनाच्या घटीचा असतो. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती वस्तूची हमी, ती बहुतेक १२ वर्षांची असते. जंक्शन बॉक्स जळणं, थर सुटणं यासाठी तीच चालते. पॅनेल बदलून मिळालं तरी वाहतूक आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी बहुधा तुमचीच. योजनेत विक्रेत्याने ५ वर्षं देखभाल करायची असते, ते कोटेशनवर लिहून घ्या. आणि हो, ही ऑन ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली यंत्रणा आहे, लाइट गेली की भर उन्हातही ती बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी तसंच असावं लागतं. बॅटरीचा विषय वेगळा आणि खर्चाचा आहे.

तर आज मी तुमच्या जागी असतो तर तिसऱ्या विक्रेत्याला डीसीआर लेखी मागितलं असतं. दिलं, तर वर सांगितलेल्या स्ट्रक्चरसह तेच घ्या, त्या भावात ते उत्तम आहे. टाळाटाळ केली तर दुसऱ्याचं ५४० वॉटचं मोनो पर्क निश्चिंत मनाने घ्या, फक्त चौकटीची उंची ७ फूट आणि जस्ताचा थर त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यासाठी थोडे पैसे वाढवून मागतील, ते द्यायला हरकत नाही.

मला तीन मापं कळवा: गच्चीपासून टाकीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, जिन्याच्या खोलीपासून उत्तर आणि पश्चिम कठड्यापर्यंतचं अंतर, आणि कोबा आहे की नाही. शेजारच्या घराचा मजला किंवा नारळाचं झाड दक्षिणेला असेल तर त्याचाही एक फोटो टाका. मग चौकट कोणत्या कोपऱ्यात धरायची ते फूटपट्टीने काढून देतो.